सेमिनरी हिल्सवरून अर्धा तास

शिक्षणाच्या सरकारी वाहिन्या गेल्या काही वर्षांत धडाधड वाढल्या. जुलै २०१७ मध्ये ‘स्वयंप्रभा’ ३२ वाहिन्यांनिशी सुरू झालं. टाळेबंदीत, २०२० साली, ‘पीएम ई-विद्या’तून पहिली ते बारावीसाठी इयत्तेमागे एक वाहिनी आली. २०२२ च्या अर्थसंकल्पात हा आकडा २०० वर नेण्याची घोषणा झाली. सगळं फुकट, चोवीस तास, उपग्रहावरून थेट घरच्या छत्रीवर. आता नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूर, कुही, नरखेड यांपैकी कुठल्याही तालुक्यातल्या चार पालकांना विचारून बघा, की तुमच्या मुलीच्या इयत्तेची वाहिनी कोणत्या नंबरवर लागते. नंबर सोडाच, अशी वाहिनी आहे हेच बहुतेकांना ठाऊक नसेल.

या प्रश्नावर आणखी वाहिन्या हे उत्तर असूच शकत नाही. हवा आहे तो आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, सेमिनरी हिल्सवरच्या नागपूर दूरदर्शन केंद्रातून निघणारा अर्धा तास. विषय विदर्भातलं शिक्षण, भाषा इथली, आणि तो बघायला प्रत्येक गावात आधीपासून बसवलेला गट. या तिन्हींतली शेवटची गोष्ट सर्वात महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच आजवर सर्वात आधी गळत आली.

शिक्षणाचा टीव्ही म्हणताना आपण दोन वेगळे प्रकार एकत्र करतो. एक पडद्यावरचा वर्ग. शिक्षक फळ्यापाशी उभा, अपूर्णांकांची बेरीज चालू, समोर विद्यार्थी. दुसरा प्रकार शिक्षणाबद्दल बोलणारा. त्यात शाळा कशी चालते, पैसा कुठून येतो, मूल वाचायला कसं शिकतं, गावातली अंगणवाडी, अभ्यासिका, साक्षरतेचा वर्ग, ग्रंथालय यांत काय घडतंय, हे मोठ्यांना दाखवायचं. ‘स्वयंप्रभा’ आणि ‘ई-विद्या’ दोन्ही पहिल्या प्रकारातली. दुसऱ्या प्रकाराला आपल्याकडे वेळच दिला जात नाही. दहावी-बारावीचा निकाल लागला की दोन दिवस गुणवंतांच्या मुलाखती, नाहीतर शाळेचं छत कोसळलं की बातमी, एवढंच.

पडद्यावरच्या वर्गाची मर्यादा त्याच्या रचनेतच आहे. ‘स्वयंप्रभा’चा आराखडा असा, की रोज किमान चार तासांचा नवा मजकूर आणि तोच दिवसभरात आणखी पाच वेळा. म्हणजे चोवीस तास भरले. पण चौथीतलं मूल भागाकारात हातच्यापाशी अडकलंय की मुळात पाढ्यापाशी, हे पडद्याला कळत नाही. वर्गातला शिक्षक थांबतो, मागे जातो. पडदा पुढे जातो. फोनवरचा व्हिडिओ निदान मागे नेता येतो. त्यामुळे धडा शिकवण्याचं काम फोनकडे, सरकारच्या ‘दीक्षा’ ॲपकडे, यूट्यूबकडे गेलं तर त्यात रडण्यासारखं काही नाही. टाळेबंदीत मात्र हिशेब वेगळा होता. तेव्हा सह्याद्री वाहिनीवर २० जुलै २०२० पासून आलेल्या ‘टिलीमिली’सारख्या मालिकेने धडा म्हणून न शिकवता घरातल्या वस्तूंवरून मुलांना करायला काही दिलं. तो चांगला अपवाद. शाळा उघडल्यावर त्या वेळेचा कुणी पुढे विचार केला नाही.

जुने प्रयोग बघितले की यश कुठे मिळालं ते लख्ख दिसतं. १९५६ साली आकाशवाणी पुणे आणि युनेस्कोने तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत रेडिओ शेतकरी मंडळं चालवली. सुमारे दीडशे गावं, प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचा गट, एक अध्यक्ष, एक चिटणीस. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करून चर्चा करायची, ठरलेलं आणि पडलेले प्रश्न कागदावर लिहून केंद्राला पाठवायचे, पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरं यायची. ऐका, बोला, करा, हा क्रम होता. ज्या गावांत नुसता रेडिओ होता आणि मंडळ नव्हतं, त्यांच्याशी तुलना केली तेव्हा मंडळांच्या गावांतली माहिती ठळकपणे जास्त वाढलेली आढळली. यंत्र दोन्हीकडे होतंच. फरक पडला तो चिटणिसामुळे आणि परत जाणाऱ्या कागदामुळे.

मग १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ हे ‘साइट’चं, म्हणजे उपग्रहावरून शिक्षणाचा टीव्ही दाखवण्याच्या प्रयोगाचं वर्ष. इस्रोला नासाचा एटीएस-६ उपग्रह वर्षभरासाठी मिळाला आणि सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत जाळीच्या छत्र्यांवर थेट चित्र उतरलं. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण शेजारचा छत्तीसगडचा भाग, रायपूरकडची गावं, तेव्हाच्या मध्य प्रदेशातून त्यात होती. सकाळी शाळेसाठी, संध्याकाळी गावासाठी. तंत्रज्ञान म्हणून हा प्रयोग थक्क करणारा होता. शिकण्याचं काय झालं, तर आरोग्य आणि कुटुंबनियोजनाबद्दलची माहिती वाढली आणि ती निरक्षर बायकांमध्ये विशेष वाढली. मुलांच्या भाषेतही फरक दिसला. शाळेचा पट मात्र हलला नाही, गळतीही थांबली नाही. पोर शाळेत जातं की गुरं राखायला, हा निर्णय घरात होतो, आणि त्या निर्णयाबद्दल कुणी घरच्यांशी बोलत नव्हतं.

त्याच इस्रोने त्याच काळात गुजरातेत खेडा जिल्ह्यात दुसरा, लहानसा प्रयोग केला. पीज गावात एक छोटा ट्रान्समीटर, आजूबाजूच्या गावांत सार्वजनिक संच, आणि कार्यक्रम तिथल्याच बोलीत, तिथल्याच माणसांना घेऊन केलेले. शेतमजुराची मजुरी, सावकारी, अस्पृश्यता असे नाजूक विषय त्यात आले. युनेस्कोचा ग्रामीण संज्ञापनाचा पुरस्कार १९८४ मध्ये मिळाला तो या लहान प्रयोगाला.

विदर्भाची पाळी भारताच्या स्वतःच्या इन्सॅट उपग्रहांच्या वेळी आली. शिक्षणाच्या प्रक्षेपणासाठी सहा राज्यं निवडली गेली, त्यात महाराष्ट्राचा पट्टा नागपूर-भंडारा-चंद्रपूरचा होता. मजकूर बनवायला पुण्यात १९८४ मध्ये ‘बालचित्रवाणी’ उभी राहिली. रोज पाऊण तास, पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी वीस मिनिटं, नऊ ते अकराच्यांसाठी वीस, शनिवारी शिक्षकांसाठी. कल्पना नेटकी होती. पण बनवणारे सातशे किलोमीटरवर आणि बघणारे इथे. रोवणीच्या दिवसांत भंडाऱ्यातल्या शाळेत निम्मी पोरं नसतात, हे पुण्यातल्या वेळापत्रकाला कसं कळावं? परत जाणारा कागद क्षीण होत गेला आणि २०१७ मध्ये ‘बालचित्रवाणी’ बंदच झाली. तिच्या जाण्याने हळहळ पुष्कळ झाली. ती विदर्भात कुणी आणि किती बघितली, हा प्रश्न त्या हळहळीत कुठेच नव्हता.

आजही पुण्या-मुंबईच्या वेळापत्रकाचा त्रास चालूच आहे. राज्यात शाळा जूनच्या मध्याला उघडतात. विदर्भात उन्हामुळे आठवडा-पंधरवडा उशिरा, कधी तर १ जुलै उजाडतो. राज्यभरासाठी एकच मालिका १५ जूनला सुरू झाली, की इथल्या शाळा कुलूपबंद असताना तिचे पहिले भाग संपलेले असतात. एवढं एक कारणसुद्धा नागपूरच्या स्वतंत्र वेळेसाठी पुरेसं आहे.

आता त्या अर्ध्या तासात काय असावं? इथे थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण ‘जनजागृती’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कुंडी, सोफा आणि दोन तज्ज्ञ येतात.

एक भाग असा असू शकतो: आपलं पोरगं वाचून राहिलं का, हे घरी कसं बघायचं. साधन मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’ पाहणीतलंच घ्यावं, गावोगावी स्वयंसेवक ते वापरतात आणि ते एका कागदावर मावतं. वर सुटी अक्षरं, मग दोन अक्षरी साधे शब्द, मग पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद, शेवटी दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. सुरुवात परिच्छेदापासून करायची. तो जमला तर गोष्ट, नाही जमला तर शब्द, तेही नाही तर अक्षरं. पाचांपैकी चार अक्षरं ओळखली की ती पायरी जमली असं धरायचं. हे सगळं दहा मिनिटांत होतं. पण ज्या चुका होतात त्या पडद्यावर दाखवल्याशिवाय कळत नाहीत. बाप पाठ्यपुस्तकातली कविता वाचायला देतो, पोरगं बोट फिरवत घडाघडा म्हणून दाखवतं, आणि घर खूश. ते वाचन नसतं, पाठांतर असतं. ओळीच्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारलं की उघडं पडतं. दुसरी चूक, वर्तमानपत्राचा मथळा पुढे करायचा. त्यात जोडाक्षरांची गर्दी, दुसरीचं मूल अडखळणारच, मग त्याला ‘ढ’ ठरवायचं. तिसरी, अडखळलं की लगेच शब्द सांगून टाकायचा. पाच-सहा सेकंद थांबलं तर बरीच मुलं काना-मात्रा लावून स्वतः शब्दापर्यंत पोचतात. निरक्षर आईलाही हे तपासता येतं. आधी मोठ्या मुलीकडून ओळी ऐकून घ्यायच्या, मग लहानग्याला विचारायचं. पाच जुलै २०२१ ला सुरू झालेल्या ‘निपुण भारत’चं उद्दिष्ट हेच आहे, की तिसरी संपेपर्यंत मुलाला समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं. त्याचे फलक शाळाशाळांच्या भिंतींवर लागले. आईबापांना तपासायची रीत मात्र कुणी दाखवली नाही.

दुसरा भाग शाळा व्यवस्थापन समितीचा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात. महाराष्ट्रात अध्यक्ष पालकांमधला आणि मुख्याध्यापक सचिव. कागदावर प्रत्येक शाळेत हे आहे. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी सभा म्हणजे सह्यांचं रजिस्टर घरोघर फिरतं. टीव्हीने एक खरी सभा दाखवावी, कंटाळवाण्या जागांसह. त्यात कॅशबुक उघडलेलं दिसावं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला पटाप्रमाणे वार्षिक संयुक्त अनुदान मिळतं. पट तीसपर्यंत असेल तर १० हजार, शंभरपर्यंत २५ हजार, अडीचशेपर्यंत ५० हजार, हजारपर्यंत ७५ हजार. यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च व्हायला हवा. एवढे चार आकडे माहीत असलेली बाई सभेत वेगळ्या आवाजात बोलते. अनुदान वर्षाच्या अखेरीला आलं, त्यातून घाईघाईत खडू-फळे-रंगरंगोटी झाली, आणि मुलींच्या मुतारीचं दार तसंच राहिलं, असं का होतं तेही दाखवायचं. मुख्याध्यापकाला खलनायक ठरवायची गरज नाही. पैसा कोणत्या महिन्यात खात्यावर येतो, एवढी तारीख दाखवली की दोष कुठला ते बघणाऱ्याला कळतं.

पोषण आहाराचा भाग तर स्वयंपाकघरातच चित्रित करता येईल. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, ४५० उष्मांक, १२ ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, ७०० उष्मांक, २० ग्रॅम. तराजूवर ६० मुलांचा सहा किलो तांदूळ मोजून दाखवावा, डाळ मोजावी, मग शिजवावं. तांदूळ सहसा पुरा असतो, डाळीचं वरण पातळ असतं, आणि प्रथिनांचा आकडा तिथेच घसरतो. गावच्या बायकांना हे सांगावं लागत नाही, मोजून दाखवलं की पुरतं.

आणि शिकणं फक्त शाळेत होत नाही. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो माणसं येतात आणि जाताना पुस्तकं घेऊन जातात. देशातल्या मोठ्या पुस्तक-बाजारांत त्याची गणना व्हावी. कॅमेरे दरवर्षी गर्दीवरून फिरतात, स्तूपावर जातात, पुढाऱ्यांवर स्थिरावतात. कोण कोणतं पुस्तक घेतोय, घरी नेऊन कोण वाचतंय, विहारातल्या अभ्यासिकेत त्यातून काय उभं राहतं, यावर अर्धा तास कधी गेला? महापालिकेच्या शाळांतली मुलं ‘अपूर्व विज्ञान मेळाव्या’त टाकाऊ बाटल्या-फुग्यांतून हवेचा दाब समजावून सांगतात, त्याची बातमी चाळीस सेकंदांची होते. प्रयोगाला चार मिनिटं लागतात.

प्रौढ साक्षरतेचा मुद्दा यातच येतो. ‘उल्लास’ कार्यक्रमात पंधरा वर्षांपुढच्या निरक्षरांना स्वयंसेवक शिकवतात आणि शेवटी दीडशे गुणांची चाचणी होते, वाचन, लेखन, संख्याज्ञान यांना पन्नास-पन्नास. अडचण असते ती पन्नाशीतल्या माणसाने ‘मला येत नाही’ हे म्हणण्याची. इंग्लंडात बीबीसीने १९७५ मध्ये प्रौढ निरक्षरांसाठी रविवारी संध्याकाळी दहा मिनिटांची मालिका लावली. दहा मिनिटांत कुणी वाचायला शिकत नाही, हे करणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. मालिकेचं खरं काम लाज घालवणं आणि एक फोन नंबर दाखवणं. फोन आला की त्या माणसाला त्याच्या जवळच्या स्वयंसेवक शिक्षकाशी गाठ घालून दिली जायची. पडद्यामागे ती साखळी आधी उभी केली, मग मालिका दाखवली. आपल्याकडे स्वयंसेवक आहेत, मोबाईल आहेत, दूरदर्शन आहे. तिघांची गाठ तेवढी नाही.

याहून स्वस्त उपायही आहे. गाण्याच्या ओळी त्याच भाषेत पडद्याच्या तळाशी दाखवायच्या आणि गायला जाणारा शब्द रंगाने उजळत न्यायचा. आयआयएम अहमदाबादचे ब्रिज कोठारी यांनी १९९९ मध्ये गुजराती गाण्यांवर आणि २००२ मध्ये ‘चित्रहार’वर हे करून दाखवलं. गाणं तोंडपाठ असतं, डोळा आपोआप अक्षरांमागून जातो, अर्धवट वाचता येणाऱ्याचा सराव होतो. नागपूर केंद्राने दंडार आणि खडी गंमत या इथल्या लोकनाट्यांची जुनी चित्रणं काढून त्यांना अशा ओळी जोडाव्यात. खर्च जवळपास नाही. अक्षर मात्र मोठं हवं. देवनागरीला वर वेलांटी आणि खाली उकार लागतो, म्हणून इंग्रजी मथळ्यांच्या मापाची ओळ छोट्या संचावर गिचमिड होते. पडद्याच्या उंचीच्या विसाव्या हिश्श्याहून लहान अक्षर ठेवू नये आणि एका वेळी दोनच ओळी.

आता दुसरं टोक, म्हणजे संच आणि छत्री. डीडी फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही, देशातल्या चार कोटींहून अधिक घरांत ती असल्याचा अंदाज आहे, म्हणून या कामाला तीच योग्य. तिचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. नागपुरातून छत्रीचं तोंड आग्नेयेला, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे १४५ अंशांवर येतं. सिग्नल क्षितिजापासून जवळजवळ ६० अंशांवरून उतरतो, पण या छत्र्या ऑफसेट प्रकारच्या, म्हणजे सिग्नल तिरका झेलणाऱ्या असल्याने त्या दिसायला बऱ्याच उभ्या दिसतात. नवखा माणूस मग ती आकाशाकडे आणखी वळवतो आणि असलेला सिग्नलही घालवतो. दोन अंश हलली तरी चित्र जातं. रामटेकला वानरांनी छत्रीवर बसायचं ठरवलं की हे रोजचंच, म्हणून खांब भिंतीला दोन जागी आवळावा आणि छत्री वानरांची उडी पोचणार नाही अशी आडोशाला असावी. एलएनबीच्या, म्हणजे छत्रीसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीच्या जोडापाशी पावसाचं पाणी शिरतं, तांब्याची तार हिरवी पडते आणि दोष बॉक्सवर येतो. जोडाला रबरी टेप आणि केबलला खाली झोळ दिला, की पाणी झोळाच्या तळातून गळून जातं. जोराच्या सरीत केयू बँडचं, म्हणजे या छत्र्यांवर येणाऱ्या लहरींचं चित्र काही मिनिटं जाणारच. ते बिघाड नव्हे, सर ओसरली की येतं. आणखी एक गफलत म्हणजे चित्र उलगडायच्या जुन्या पद्धतीचा, एमपीईजी-२ बॉक्स. नव्या पद्धतीच्या, एमपीईजी-४ मधल्या वाहिन्या त्यावर दिसतच नाहीत. शाळेत बॉक्स आहे एवढ्यावर तपासणी-तक्त्यात ‘होय’ लिहिलं जातं.

शाळेतला ४३ इंची संच सुमारे ५३ सेंटिमीटर उंच असतो. त्यावरची अक्षरं नीट वाचायची तर तीन, फार तर सव्वातीन मीटरपर्यंत बसावं. वर्गखोली सहा-सात मीटर लांब असते, म्हणजे मागची निम्मी माणसं फक्त ऐकतात. ती ऐकतात तरी का, हाही प्रश्न आहे. आजच्या सपाट संचांचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, वर पत्र्याचं छत, पंखा फुल्ल. दोन-तीन हजारांचा वेगळा स्पीकर पुढे ठेवला की अर्धा प्रश्न सुटतो. पण खरेदीच्या यादीत इंच लिहिलेले असतात, आवाज कुणी लिहीत नाही. संच खिडकीसमोर लावू नये, बाजूच्या भिंतीवर लावावा. खाली सतरंजीवर बसणाऱ्यांसाठी त्याची खालची कड जमिनीपासून सुमारे एक मीटरवर असावी. विजेचं म्हणाल, तर शंभर वॅटचा संच वर्षातले दोनशे दिवस रोज अर्धा तास चालवला तरी दहा युनिट होतात. शाळांची वीज टीव्हीमुळे कापली जात नाही. थकलेल्या बिलात स्थिर आकाराचा वाटा मोठा असतो आणि ते कुणाच्या खात्यातून भरायचं हे ठरलेलं नसतं.

गट कुणी बसवायचा? शिक्षकावर आणखी एक काम टाकलं की ते मेलं म्हणून समजा. व्यवस्थापन समितीतल्या एका आईला किंवा बचत गटाच्या सचिवाला निमंत्रक करावं, आणि सभेची महिन्याची तारीख कार्यक्रमाच्या दिवसाला जोडावी. निमंत्रकाचं काम मोजकं. आदल्या दिवशी छत्री-बॉक्स चालू आहे का बघायचं, अर्धा तास बघणं झालं की संच बंद करायचा, पंधरा-वीस मिनिटं बोलणं, एक ठराव, एक प्रश्न. प्रश्न व्हॉट्सॲपवर आवाजात बोलून पाठवायचा, लिहायची सक्ती नको. केंद्रावर एका माणसाने ते सगळे ऐकायचे आणि पुढच्या भागाची शेवटची पाच मिनिटं त्यांनाच द्यायची, गावाचं नाव घेऊन. ही पाच मिनिटं कापली गेली की दोन महिन्यांत गट विरतात, हे लिहून ठेवा. मानधन महिन्याला थोडंफार द्यावं. स्वयंस्फूर्तीच्या नावाखाली गावच्या बायकांकडून फुकट काम करवून घ्यायची सवय आता सोडली पाहिजे.

वेळेचं गणित अवघड आहे. संध्याकाळी सात ते नऊ मालिकांची वेळ, बायका चुलीपाशी. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वेचणीत दिवस मावळेपर्यंत घरी कुणी नसतं. शनिवारी बऱ्याच शाळा सकाळच्या असतात, म्हणून शनिवारी दुपारी शाळेत गटाने बघणं आणि रविवारी रात्री घरच्यांसाठी पुनःप्रक्षेपण, ही जोडी त्यातल्या त्यात बरी. ज्या गावाचा आठवडी बाजार शनिवारी भरतो, त्या गावाला रविवार मिळतो. एकदा ठरलेली वेळ मात्र क्रिकेटसाठीसुद्धा हलवू नये.

फोन असताना टीव्ही कशाला, असं विचारतील. घरातला एकच चांगला फोन बापाबरोबर वावरात किंवा कामावर जातो. शिवाय फोनवर प्रत्येक जण आपापलं बघतो, त्यावरून सभा होत नाही. कॅशबुकावरचा भाग वीस जणांनी एका खोलीत बघितला तरच दुसऱ्या दिवशी कॅशबुक मागायची हिंमत होते. भाग यूट्यूबवरही टाकावेत, त्याला ना नाही.

याहून गंभीर आक्षेप असा, की सरकारी वाहिनीवर हे म्हणजे शेवटी मंत्र्यांच्या फिती कापण्याचाच कार्यक्रम होईल. भीती रास्त आहे. प्रसार भारती कायदा १९९० च्या कलम १२ मध्ये शिक्षण आणि साक्षरतेच्या प्रसाराकडे विशेष लक्ष देण्याचं बंधन आहे, सत्कार दाखवण्याचं कुठे नाही. म्हणून आशयासाठी एक समिती असावी आणि तिच्यात जिल्हा परिषद शिक्षक, शाळा व्यवस्थापन समितीतली पालक, अंगणवाडी सेविका, रविनगरच्या विज्ञान शिक्षण संस्थेतलं कुणी आणि एखादा गोंडी किंवा झाडीबोली बोलणारा शिक्षक असे लोक असावेत. नियम एकच पुरे: पदाधिकारी आणि अधिकारी उत्तर द्यायला येतील, उद्घाटनाला नाही. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायच्या का, या २०२३ पासून तापलेल्या प्रश्नावर दोन्ही बाजू एकाच भागात येऊ दिल्या, तर समिती खरी आहे असं समजता येईल.

पैसा? वर्षाला बावन्न नवे भाग. एका भागाला गावभेटीचा एक दिवस, चित्रणाचे दोन, संकलनाचे तीन, आणि कच्चा भाग दहा-बारा पालकांना दाखवून दुरुस्तीचा एक-दोन. हा शेवटचा टप्पा कुणी गाळू नये. निवेदक मिनिटाला १२० शब्दांच्या वर गेला की मागे बसलेल्या आज्जीचं लक्ष उडतं, ते तिथेच कळतं. म्हणजे भागामागे सात-आठ दिवस, चार-पाच जणांच्या दोन तुकड्या पुरतात. कृषी मंत्रालय २००४-०५ पासून दूरदर्शनला पैसे देऊन प्रादेशिक केंद्रांवर शेतीचे अर्ध्या तासाचे कार्यक्रम करवून घेत आलं. तोच करार शिक्षण खात्याने समग्र शिक्षेच्या लोकसहभागाच्या तरतुदीतून आणि जिल्हा नियोजन समितीने आपल्या निधीतून करावा. खाजगी वाहिन्यांनाही नोव्हेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रोज अर्धा तास सार्वजनिक हिताचा मजकूर द्यायचा आहे, त्यात शिक्षण आणि साक्षरता हा विषय आहे, आणि मध्यरात्र ते सकाळी सहा ही वेळ त्यात धरली जात नाही. तयार भाग त्यांना फुकट द्यावेत.

सगळ्या चौदा तालुक्यांत एकदम सुरू करायचा मोह होईल. पहिलं वर्षभर तीनच तालुके घ्यावेत, नरखेड संत्र्याचा, मौदा धानाचा, आणि हिंगणा शहराला चिकटलेला, जिथे पालक कारखान्याच्या पाळीवर असतात. तिन्हींतल्या निम्म्या गावांत गट आणि निम्म्या गावांत नुसती छत्री ठेवावी, १९५६ सारखी. मार्चमध्ये दोन्हीकडच्या तिसरीच्या मुलांची वाचनचाचणी घ्यावी आणि दोन्हीकडच्या समित्यांची कार्यवृत्तं मागवून किती ठराव खरोखर अमलात आले ते मोजावं. फरक दिसला नाही तर कार्यक्रम बंद करावा आणि तो आकडाही त्याच अर्ध्या तासात दाखवावा.